मशीन आलं, 127 चा गिअर येईना

घरच्या वर्कशॉपसाठी जुनं लेथ मशीन घेणार असाल, तर आधी चेंज गिअरचा, म्हणजे हव्या त्या आट्यांसाठी बदलून लावायच्या गिअरचा, डबा उघडायला लावा. एकेक गिअर हातात घेऊन त्याचे दात मोजा. मशीन नंतर बघा. बाकी सगळे व्यवहार पटापट झाले, पण 127 दातांच्या एका गिअरसाठी मला जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही.

आमचं ऐरोलीत रो-हाऊस आहे, मागच्या पडवीत वर्कशॉप मांडलं. ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर, व्हाईस हे सगळं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलं, त्यात काही अडलं नाही. लेथ मात्र जुनंच घ्यायचं होतं. ते ठाण्यातल्या जुन्या मशिनरीच्या एका गोदामात मिळालं. साडेचार फुटी बेड (ज्यावर बाकी भाग सरकतात तो पाया), दोन एचपीची मोटर, वरून ताजा हिरवा रंग.

रंगावर जाऊ नका, चकजवळचा (जॉब पकडणाऱ्या जबड्याजवळचा) बेड बघा. हत्यार धरून बेडवर सरकणाऱ्या सॅडलचं काम सगळ्यात जास्त तिथेच चालतं, म्हणून झीजही तिथेच. सॅडलचा लॉक चकजवळ किंचित आवळायचा आणि सॅडल हळूहळू दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्यायचं. पुढे जाऊन जाम व्हायला लागलं, तर चकजवळचा बेड खाल्लाय. हे मशीन शेवटपर्यंत जवळपास सारखंच सरकलं, म्हणून सौदा केला.

डब्यात 20 पासून 120 पर्यंतचे गिअर होते, 127 चा नव्हता. मालक म्हणाले, “येतोय साहेब, परवा माणूस पाठवतो.” मी बिलावरच लिहून घेतलं की 127 चा गिअर मिळाल्यावरच उरलेले पैसे, आणि गिअर आला नाही तर बनवण्याचा खर्च त्यातून वजा. याचा मला आजही अभिमान आहे, कारण पुढे तेवढा एक कागदच कामाला आला.

परवा उलटला. फोन केला की गिअर दुसऱ्या गोदामात. पुन्हा केला की चावी मुलाकडे आणि मुलगा गावाला. समोर जाऊन उभं राहिलं की चहा यायचा, गिअर काही यायचा नाही. मशीन घरात उभं, आणि ज्या मेट्रिक (मिमीतल्या) आट्यांसाठी ते आणलं तेच पाडता येत नव्हते. शेवटी त्यांनी 63 दातांचा गिअर काढून समोर ठेवला. “हा लावा, सगळे हाच लावतात, चालून जातं.”

चालून जात नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल पुढे नेणारा स्क्रू, इंची असतो. माझ्याही मशीनवर इंचाला 4 आटे आहेत. एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि 25.4 ची पाचपट 127. म्हणून 127 चा गिअर असला की मेट्रिक पिच (दोन आट्यांमधलं अंतर) तंतोतंत बसते. 1.5 मिमी पिचसाठी स्टडवर (चकच्या बाजूने फिरणाऱ्या दांड्यावर) 30, लीड स्क्रूवर 127, मधे नुसता जोडणारा आयडलर गिअर. 127 च्या निम्मे साडेत्रेसष्ट, म्हणून 63 ने गणित जमवलं तर जवळपास 0.8 टक्के फरक पडतो. साध्या नटाला तो जाणवणार नाही, पण 100 मिमी लांबीत तो 0.8 मिमी होतो, म्हणजे अर्ध्या पिचहूनही जास्त. मला क्लॅम्पचे लांब स्क्रू करायचे होते. माणूस समोर हिशेब मांडून दाखवतो आणि ऐकणारा मान हलवून पुन्हा तेच म्हणतो, तेव्हा फार संताप होतो.

मग ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गिअर कटिंगचं जॉबवर्क करणारे गाठले. नमुन्याला 40 दातांचा गिअर नेला. त्याचा बाहेरचा व्यास 63 मिमी. दातांत 2 मिळवून 42 ने भागलं की मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप) 1.5. त्याच हिशेबाने 127 चा व्यास 193.5 मिमी. बोअर (मधलं भोक) आणि की-वे (त्यातली चावीची खाच) नमुन्यावरून घेतले. तुम्हीही नमुना न्याच, नुसते आकडे सांगू नका. खर्च उरलेल्या पैशांतून वजा केला. मालक कुरकुरले, पण बिलावर त्यांचीच सही होती.

गिअर बसवला आणि आधी एका दांड्यावर आटे पाडून स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिले. 150 मिमीत बरोबर 100 आटे. फार बरं वाटलं.

विजेचं सांगायचं राहिलंच. घरी सिंगल फेज असेल तर थ्री फेज मीटरच्या मागे लागण्याआधी मोटरची नेमप्लेट वाचा. 415 व्होल्टला स्टार जोडणी असेल आणि सहाही टर्मिनल बाहेर असतील, तर आतल्या पट्ट्या डेल्टात बदलून 230 व्होल्ट सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणाऱ्या उपकरणावर) ती चालते. माझी तशीच चालते. पट्ट्या मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्या आणि अर्थिंग तपासायला लावा.