दहापैकी आठ

गेल्या सप्टेंबरात तासगाव तालुक्यातल्या एका मावशींनी सुजलेल्या हातावरचा माझ्याकडचा उपचार मध्येच थांबवला. त्यांनी तो योग्य जागी थांबवला की आणखी आठवडाभर कळ काढायला हवी होती, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशन हॉस्पिटल सुरू केले तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते आणि आजही अथणी-जमखंडीकडचे रुग्ण सोलापूर-पुण्याला न जाता इकडे येतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार, सगळे हाताशी आहे. त्यानंतर सुजणारा हात मात्र कोणाच्याच खात्यात बसत नाही. टाके निघाले की शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे काम संपते, किरणांचे हप्ते पुरे झाले की त्या विभागाचे संपते, आणि बाई हात पदराखाली झाकून घरी जाते.

या मावशींच्या स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून झाली होती. उजव्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या होत्या आणि काखेवर किरणही दिले होते. लिम्फेडिमाला, म्हणजे लसिका (पेशींमधून रक्ताकडे परतणारा द्रव) तुंबून येणाऱ्या सुजेला, हे दोन्ही मिळून पुरेसे निमंत्रण असते. दीड वर्षाने हात भरू लागला, तेव्हा एका डॉक्टरांनी लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या. या सुजेत पाण्याबरोबर प्रथिने अडकलेली असतात. गोळीने पाणी तेवढे निघते, प्रथिने जागीच राहून पुन्हा पाणी ओढून घेतात आणि हळूहळू तिथली चरबी व त्वचा निबर होत जाते. हे पाठ्यपुस्तकात आहे, तरी गोळ्या लिहिल्या जातातच. दुसऱ्या कोणीतरी क्रेप बँडेज बांधायला सांगितले. त्याने कोपराच्या घडीत वळ पडला आणि पंजा आणखी फुगला.

त्या आल्या तेव्हा ब्लाउजची उजवी बाही उसवून तिला वेगळ्या कापडाची पट्टी जोडलेली होती. बोटाच्या मुळाशी वरची त्वचा चिमटीत धरता येत नव्हती. लिम्फेडिमा ओळखण्याची स्टेमरची खूण म्हणतात ती हीच. मनगटापासून काखेपर्यंत दर चार सेंटिमीटरवर टेपने घेर मोजून आकारमान काढले, तर उजवा हात डाव्यापेक्षा ३६ टक्के जास्त भरला. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर 'उजव्या हाताने वजन उचलू नये' असे ठळक लिहिले होते आणि मावशींनी ते वेदवाक्य मानून द्राक्षबागेतले काम सोडून दिले होते. हा सल्ला आता जुना झाला आहे. लिम्फेडिमा असलेल्या १४१ स्त्रियांवरचा अमेरिकेतला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दाबाची बाही (हात सतत दाबून धरणारी घट्ट बाही) घालून, देखरेखीखाली, वजन हळूहळू वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही आणि त्रास उसळण्याचे प्रसंग उलट कमी झाले. कागदावरचे वाक्य मात्र कोणी बदलत नाही, कारण ते लिहिणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही.

उपचाराचे चार भाग असतात: हाताने लसिका वाहती करणे, बँडेज, व्यायाम आणि त्वचेची निगा. पहिला भाग एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात विकसित केला. त्यावर आमच्याकडच्या रुग्णांची तक्रार ठरलेली असते, की यात मालिश कुठे आहे? तेल नाही, रगडणे नाही, सुजलेल्या हाताला सुरुवातीला स्पर्शसुद्धा नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग त्याच बाजूची जांघ, आणि या वाटा मोकळ्या झाल्यावर दंडापासून खाली. दाब इतका हलका की कातडी फक्त सरकावी, कारण लसिकेच्या सुरुवातीच्या नलिका त्वचेच्या लगेच खाली असतात. मावशी चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, तुमी नुसतं कुरवाळताय, पन मान हलकी झाली बगा."

बँडेज हा माझ्या अभिमानाचा भाग आहे, तेव्हा त्यावर थोडे जास्त लिहिते. क्रेप ताणले की रबरासारखे लांबते आणि हात स्थिर असतानाही आवळत राहते. आम्हाला हवे असते कमी ताणाचे, जवळजवळ न लांबणारे सुती बँडेज. स्नायू आकुंचन पावून फुगला की तो या न हलणाऱ्या भिंतीवर आपटतो आणि मधली सूज पुढे ढकलली जाते. हात विसावला की दाब उतरतो. म्हणजे बँडेज बांधून काम करणे हाच पंप. प्रथम सुती नळीचा मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी जाळीची पट्टी, नखे उघडी. मनगटाच्या आणि कोपराच्या खोलगट जागी फोम, वर कापसाची गुंडाळी. मग सहा, आठ आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पंजापासून काखेपर्यंत. पंजा गुंडाळताना बोटे फाकवायला लावायची, म्हणजे नंतर मुठीला जागा राहते. ताण सगळीकडे सारखा ठेवला तरी घेर कमी असल्याने मनगटावर दाब आपोआप जास्त येतो आणि दंडाकडे उतरत जातो. भौतिकशास्त्र फुकटात मदत करते, फक्त हाताला वळण हवे. शेवटी नख दाबून रंग परततो का ते पाहायचे. आमच्या विद्यार्थ्यांना या विषयाचे एखादे व्याख्यान मिळते आणि ते मुरगळलेल्या घोट्यासारखा हात बांधून मोकळे होतात.

सूज चांगली उतरत होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी फरक १९ टक्क्यांवर आला होता आणि आकडा अजून खाली सरकत होता. नियम असा, की काही दिवस माप एका जागी थांबेपर्यंत बँडेज चालू ठेवायचे आणि मगच कायमच्या बाहीचे माप घ्यायचे. उतरत्या हाताचे माप घेतले तर बाही काही आठवड्यांत सैल पडते आणि सैल बाहीत हात पुन्हा भरतो.

त्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "मॅडम, आता बास. सोमवारपासनं टोळी बागंत जानार हाय."

फळछाटणी सुरू होत होती. बायकांची टोळी एकरावर उक्ते काम घेते आणि पहिल्या आठवड्यात जी जागेवर नाही तिच्या जागी दुसरी धरतात. मग मणी विरळणीपर्यंत, म्हणजे सगळा हंगाम, ती बाहेर. दोन हंगाम त्यांचे असेच गेले होते. मी आणखी आठवड्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी हिशेब मांडला: बाही काही हजारांची, सहा महिन्यांनी बदलायची, तिचे पैसे ना योजनेतून मिळणार ना मुलाच्या पगारातून, ते यायचे या छाटणीच्या मजुरीतूनच. मी सांगते त्या आठवड्यात त्या माझ्याकडे बसल्या असत्या तर माप बिनचूक मिळाले असते, आणि बाही घ्यायला पैसे नसते.

हाताच्या लिम्फेडिमासाठी लिमक्वॉल नावाची प्रश्नावली आहे. कामे, दिसणे, लक्षणे आणि मनःस्थिती यांवर प्रश्न असतात आणि शेवटी एकूण जीवनमानाला शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. पहिल्या दिवशी त्यांनी तीन दिले होते. त्या दिवशी मी पुन्हा विचारले. "आठ लिवा. ऱ्हायलेलं दोन हंगाम झाल्यावर बगू." टेप अर्धी वाट उरल्याचे सांगत होता आणि बाई जवळजवळ पोहोचली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नंतर ऐकवले, की रुग्णाच्या मर्जीवर उपचार चालत नसतात. बरोबर आहे, पण रुग्णाच्या मजुरीवर चालतात, हे त्यांच्या दवाखान्याच्या पावतीपुस्तकालाही ठाऊक आहे.

मी एका गोष्टीवर मात्र हटले नाही. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. बायका रबरी हातमोजे घालून हे करतात, पण काड्या डोक्याच्या उंचीवर असल्याने हात वर जातो आणि द्रावण मनगटावरून मोज्यात व कोपरापर्यंत ओघळते. हे रसायन निरोगी कातडीही भाजून काढते. लसिका तुंबलेल्या हाताला साधी चीर पडली तरी जंतुसंसर्ग होऊन थंडीताप भरतो, हात लालबुंद होतो आणि अशा प्रत्येक झटक्यात उरलेल्या नलिकाही निकामी होतात. मावशींनी मुकादमाशी बोलून पेस्टऐवजी काड्या वेचण्याचे काम घेतले. तारेच्या ओरखड्यांची चिंता त्यांनीच मिटवली: बागेत बायका साडीवर पुरुषांचा जुना शर्ट घालतातच, त्याच्या बाह्या मनगटाशी बटण लावून बंद ठेवायच्या.

दिवसा बाही, रात्री बँडेज असे ठरले. मापाची शिवून घेण्याऐवजी २३ ते ३२ मिलिमीटर पारा दाबाची तयार बाही उधारीवर मागवून दिली, म्हणजे सैल झाली तर लहान आकाराची घेता येईल. बँडेज सुनेला शिकवले. ती दोन दिवसांत इतके सारख्या ताणाने बांधू लागली की मी तिला आमच्या इंटर्नसमोर बांधून दाखवायला लावले.

फेब्रुवारीत काढणी उरकल्यावर त्या आल्या. फरक २२ टक्के, म्हणजे थांबलो त्यापेक्षा थोडा वाढलेला. मधल्या काळात तापाचा झटका एकही नाही. बाही दंडावर सैल होऊन तिची कड गुंडाळली जात होती आणि तिथे वळ उमटला होता, मला भीती होती तसाच. उधारी नोव्हेंबरातच फिटली होती. पूर्ण माप थांबेपर्यंत उपचार केले असते तर आज हा आकडा कदाचित बारा-तेरा असता. किंवा बाहीच आली नसती आणि तो पुन्हा ३६ वर गेला असता. दोन्ही हिशेब मी कागदावर मांडून पाहिले आहेत. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मात्र आता एकाच कापडाच्या होत्या.

नवी बाही एक आकार लहान घेतली. एप्रिलच्या खरड छाटणीआधी दहा दिवस मोकळे आहेत, तेव्हा बँडेजला येते, असे त्या म्हणाल्या, आणि दहा दिवसांत माप थांबले नाही तर काय करायचे ते मी विचारायच्या आत सुनेला हाक मारून निघाल्या, कारण तासगावची एसटी सुटायची होती.