वजन अडलं तेव्हा आणि परत चढलं तेव्हा

वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून लहान पिशवी ठेवतात ते, करून मला आता तीनेक वर्षं होत आली. आमच्या लातूरकडं अजूनपण याला "पोट कापायचं ऑपरेशन" म्हणतात आणि ज्याला कळलं तो पहिलं हेच विचारतो की किती उतरलं. तर ११८ किलोवरून ७४ पर्यंत उतरलं, मग ८३ पर्यंत परत चढलं, आणि आता ७८-७९ वर आहे. उतरलेलं सगळे सांगतात, चढलेलं कुणी सांगत नाही म्हणून लिहायलेय. आणि दुसरं म्हणजे वजन अडणं वेगळं आणि चढणं वेगळं, दोन्हीला एकच औषध लावून चालत नाही.

पहिल्यांदा अडलं ते तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे अजून मिक्सरमधून काढलेलं वरण आणि प्रोटीन पावडर यावरच होते, घोट घोट पाणी पीत होते, आणि काटा जागचा हलेना. नवरा म्हणे मशीन बिघडलं असेल, सेल बदलून बघू. सासूबाई दारात उभ्या राहून, "काय खाऊलालीस गं चोरून?" अहो काय खाणार, चार चमचे वरण पण संपत नव्हतं! डाएटिशियन मॅडमना फोन केला तर त्यांना काही नवलच नाही, म्हणाल्या बहुतेकांचं याच सुमाराला अडतं. त्यांनी सांगितलं ते असं की सुरुवातीला जे किलो भसाभस जातात त्यात पाणीच बरंच असतं, शरीर आधी लिव्हर आणि स्नायूंमधलं ग्लायकोजन म्हणजे साठवलेली साखर वापरतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते सगळं एकदम निघून जातं. मग शरीर तो साठा थोडा परत भरून घेतं, पाणी परत धरतं, तेवढे दिवस चरबी कमी होत असली तरी काट्याला दिसत नाही. याला इलाज काही नाही, प्रोटीन आणि पाणी चालू ठेवायचं आणि रोज उठून काट्यावर चढायचं बंद करायचं. मी शिलाईचा टेप घेतला. वजन तेवढंच, पण ब्लाउज काखेत इतका ढिला झाला की आतून एक टीप मारावी लागली, ते बघून सासूबाई पण गप्प झाल्या. पुढं असं बऱ्याचदा अडलं, पाळीच्या आधी तर ठरलेलंच, पण मग मी त्याच्या नादीच लागले नाही.

पाण्याचं पण एक सांगते. ज्या गावाला २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात मला दिवसाला दोन लिटर संपवायचा हुकूम, आणि ते पण जेवताना प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून, आणि गटागटा तर नाहीच. घरातल्यांना हे अजून पटलेलं नाही.

आता चढण्याचं. दीड वर्षानंतर सुरू झालं, आणि ते असं काही धाडकन नाही, दर महिन्याला थोडं थोडं, साडीत तर कळत पण नाही. पहिल्या वर्षात मला भूक म्हणजे काय तेच आठवत नव्हतं, जेवायला मोबाईलवर अलार्म लावायचे. भुकेचं जे घ्रेलिन नावाचं हार्मोन असतं ते जास्त करून जठराच्या वरच्या भागात बनतं आणि स्लीव्हमध्ये तोच भाग काढून टाकतात, एकूण जठराचा पाऊण हिस्सा किंवा जास्तच जातो. पण पुढं हळूहळू भूक परत यायला लागते, बहुतेकांना येते. वरून ११८ किलोचं अंग चालवायला जेवढं लागत होतं तेवढं ७४ किलोच्या अंगाला लागतच नाही. म्हणजे डाव आपल्या विरुद्धच मांडलेला असतो, नुसतं "तोंडावर ताबा नाही" म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्यावं.

मला खरं गणित कळलं ते येळवसला. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं लातूर शेतात असतं, कडब्याची कोपी, पूजा, मग भज्जी म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, खीर, आंबील. त्या दिवशी मी अर्धा उंडा आणि वाटीभर भज्जी खाल्ली आणि पोट गच्च, आता घास नको. पण आंबील? तासाभरानं एक पेला, मग चुलतसासूनं आग्रहानं दुसरा, मग खीर, मग परत आंबील, आणि पोट कुठं "बस" म्हणेचना. तेव्हा डोक्यात उजेड पडला की पिशवी तर अजून लहानच आहे, घट्ट खाल्लं की दोन मिनिटांत सांगते, पण पातळ आणि मऊ तिच्यातून सरळ खाली जातं. मग घरातलं आठवायला लागले. सकाळचा चुरमुऱ्यांचा सुशीला, चहात बुडवून बिस्किट, संध्याकाळी येता-जाता मूठ मूठ चिवडा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे येसर आमटीत भाकर चुरून खाणं, जे आमच्याकडं जन्मापासून चालतं. चुरलेली भाकर आख्खी जाते, तीच कोरडी चावून खाल्ली तर अर्धीत पोट भरतं.

तर बदललं ते एवढंच. आधी प्रोटीन, मग भाजी, भाकर शेवटी आणि चावून. ताक जेवणाबरोबर नाही. प्रोटीनचा आकडा मला ६० ते ८० ग्रॅम दिलाय आणि इथं लातुरात सगळे म्हणतात डाळीचं गाव आहे, वरण खा की, पण वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच्या पुढं काही मिळत नाही. त्यापेक्षा दोन अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या, घट्ट पिठलं. शेंगदाण्याची चटणी मात्र चमच्यानं मोजून, वाटी पुढ्यात ठेवायची नाही. आणि नुसतं चालण्यानं माझं भागलं नाही, वजनाबरोबर स्नायू पण जातात म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा डंबेल्स उचलते, घरीच, टीव्हीसमोर.

कॉलनीत एकीनं तोंडावर म्हटलं, एवढा पैसा घातला आणि ऑपरेशन फेल गेलं. तिला काय सांगणार. शुगरची गोळी बंद आहे, जिना चढताना धाप लागत नाही, ११८ कुठं आणि ७९ कुठं. पण चढायला लागल्यावर लाजून घरात बसायच्या ऐवजी सर्जनकडं जायला पाहिजे हे मी मनापासून सांगेन, कारण कधीकधी थायरॉईड असतो, कधी दुसऱ्या आजाराची गोळी वजन वाढवत असते, स्टेरॉईड वगैरे, कधी पिशवी खरंच फुगलेली असते आणि ते एंडोस्कोपीत किंवा बेरियमच्या एक्स-रेत बघता येतं. माझं थायरॉईडचं टीएसएच नॉर्मल आलं, बी-१२ आणि लोह कमी आलं, त्याचं चालू केलं. बी-१२, लोह, कॅल्शियम हे तसंही आयुष्यभर बघत राहायचं असतं, वर्ष झालं की लोक तपासण्या सोडतात.

डॉक्टरांनी भूक आणि वजन कमी करायच्या इंजेक्शनचं पण सांगितलं, मौंजारो २०२५ च्या मार्चपासून आपल्याकडं मिळतंय, ऑपरेशननंतर चढलेल्या वजनाला पण देतात. खर्च बघून आणि थांबवल्यावर भूक परत येते हे ऐकून मी सध्या नको म्हटलंय. स्लीव्हचं बायपास करतात, म्हणजे परत ऑपरेशन करून पिशवी थेट पुढच्या आतड्याला जोडतात, तो पण एक रस्ता आहे, विशेषतः ज्यांना ॲसिडिटी फार होते त्यांना, मला ती नाही. पुढच्या तपासणीला ८० च्या वर गेले असेन तर इंजेक्शनचा विचार करायचा असं आमचं ठरलंय.