बिंदू चौक ते महाद्वार, चाकाच्या उंचीवरून

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापर्यंत व्हीलचेअरची वाट मोजायला आम्ही मुद्दाम शुक्रवार घेतला. अंबाबाईचा वार, म्हणजे गर्दी ठरलेली. रिकाम्या रस्त्यावर काढलेली मापं गर्दीत उपयोगाला येत नाहीत.

सामान थोडंच: टेप, एक मीटरची सरळ पट्टी, लेव्हल, खडू आणि रोज व्हीलचेअर वापरणारे एक सहकारी. उतार मोजायचा तर पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, पट्टी लेव्हलमध्ये धरायची आणि दुसऱ्या टोकाखालची पोकळी मोजायची. ५० मिमी भरली तर उतार १:२०, म्हणजे वीस मीटरला एक मीटर चढ, बहुतेकांना एकट्याने जमतो. ८३ म्हणजे १:१२, रॅम्पची कमाल मर्यादा. १२५ म्हणजे १:८. तिथे मागे माणूस हवाच, आणि उतरताना खुर्ची उलटी फिरवून, पाठ उताराकडे करून उतरवायची.

बिंदू चौकातून भवानी मंडपाकडे निघालो तर लांबीचा चढ नडलाच नाही. नडला तो आडवा उतार. डांबराचे थरावर थर पडले की रस्ता मधे फुगतो आणि कडा गटारीकडे कलतात. मीटरमागे २० मिमीपर्यंत चालतं. त्यापुढे खुर्ची आपोआप गटारीकडे ओढते, आणि तिला सरळ ठेवायला उताराकडच्या हाताला दुप्पट रेटावं लागतं. शंभर मीटरात खांदा बोलायला लागतो. कागदावर मात्र हा रस्ता 'सपाट'.

दुसरी गोष्ट गटारीच्या जाळ्या. फट १२ मिमीपेक्षा मोठी आणि सळ्या चालण्याच्या दिशेने असल्या की पुढचं लहान चाक सरळ आत बसतं, माणूस पुढे फेकला जातो. तीच जाळी काटकोनात फिरवली तर चाक सळ्यांवरून आडवं निघून जातं.

एका बोळाच्या तोंडाशी दुचाक्या घुसू नयेत म्हणून लोखंडी पाईप रोवलेले. दोन पाईपांत टेप धरली, ७१० मिमी. साधी खुर्ची साधारण ६५० रुंद, म्हणजे जाते असं वाटतं. पण चाक ढकलणारी बोटं आणि कोपरं बाहेर असतात. ९०० मोकळे पाहिजेत. गंमत अशी की आम्ही मापं घेत असताना दोन मोपेड आरामात निघून गेल्या.

टेप बघून एक दुकानदार बाहेर आले. "काय ओ, रस्ता रुंद करताय काय?" नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच दुकानापुढची फळी उचलून आत ठेवली. फळीखाली चेंबरचं झाकण निघालं, रस्त्यापेक्षा ३५ मिमी वर. आमच्या सकाळच्या नोंदीत ते नव्हतंच.

महाद्वार रोडवर सकाळी सातला रस्त्याच्या मधोमध सर्वांत चांगली वाट होती, कारण आडवा उतार तिथे सर्वांत कमी. अकराला तीच वाट दुचाक्यांची झाली आणि कडेला विक्रेते बसले. खुर्चीला उरली ती कलती पट्टी. पुढे रांगेचं बॅरिकेड. पाईपांमधली रुंदी पुरेशी होती, पण वळणावर खुर्ची अडकली. पूर्ण फिरायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं, वळणात ते नव्हतं. बॅरिकेड लावणाऱ्यांना सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातला एक तुकडा काढला. पाच मिनिटांचं काम.

याच रस्त्यावरून किरणोत्सवाला, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून देवीपर्यंत जातात. त्यांच्या वाटेतले अडथळे शोधून मापं घेतली जातात, काही हटवलेही जातात. कामाची ही रीत शहराला नवी नाही. चाकाला ती लावायची तर नजर वरून काढून खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर आणावी लागते.

देवळाचा घाटी दरवाजा पायऱ्यांमुळे यादीतून सरळ वगळला. जुन्या दगडी पायऱ्यांवर घाईने लाकडी फळ्या टाकलेल्या आम्हाला नको होत्या. तीन पायऱ्या धरल्या तरी साधारण ४५० मिमी उंची होते, १:१२ ने ५.४ मीटर रॅम्प लागतो. दीड मीटरची फळी टाकली की उतार १:३ च्या आसपास जातो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं.

नोंदीच्या तक्त्यात 'वेळ' हा रकाना वाढवला, प्रत्येक टप्प्याची मापं सातची आणि अकराची वेगळी लिहिली. दुरुस्त्यांत पहिलं नाव जाळ्यांचं ठेवलं. जाळी चौकोनी आणि सारख्या मापाची असेल तर एक माणूस आणि एक पहार एवढ्यावर ती फिरवून बसते. लांबट जाळीला मात्र वेल्डर बोलवावा लागतो.