वरच्या रानाचं मीठ

मार्च-एप्रिल म्हणजे आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेची सुगी. ऊस तुटलेला असतो, रानं मोकळी असतात आणि शिरोळ-मिरजेकडनं माणसं पिशव्या घेऊन येतात. खताच्या गोणीत आणलेली माती मी तशीच परत पाठवते. गोणीत युरियाचे चार दाणे राहिले असले तरी अहवाल खोटा येतो, आणि शिव्या मात्र मला.

त्या दिवशी आप्पांची माती धुतलेल्या कापडी पिशवीत होती, चिठ्ठीसकट. सावलीत वाळवलेली, जेमतेम अर्धा किलो. वीस ग्रॅम माती, पन्नास मिली डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून ढवळायचं, निवळलं की इलेक्ट्रोड बुडवायचा. सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप, ८.२ आला. आमच्या काळ्या रानांना तो नेहमीचाच. ईसी, म्हणजे विद्राव्य क्षारांचं माप, एकच्या आत असलं की मी पुढच्या पिशवीकडे वळते. हे ६.४ निघालं. इलेक्ट्रोड धुतला, प्रमाण द्रावणात मीटर तपासून घेतला, माती पुन्हा तोलली. ६.३.

मला वाटलं, वरचा पांढरा पापुद्रा तेवढा खरवडून आणला असणार. तसं विचारलं, तर आप्पा बाकावरनं उठलेच. "म्याडम, वीतभर खड्डं काढून, धा ठिकाणची माती घिऊन, चार वाटं करून आणलीया. तुमच्याच कागदावर लिवलंय तसं. इस्वास नसंल तर चला रानात."

माझं काम टेबलावरचं. पण त्या दिवशी गेले. सोबत आमचे मदतनीस, त्यांच्या खांद्याला गिरमिट.

रानाच्या कडेला ऊस कमरेइतका, आत गुडघ्याइतका, आणि मधोमध काहीच नाही. वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी साय धरलेली. पाय टाकला की पापडासारखी मोडायची. खालच्या खळग्यात पाणी साचलेलं आणि त्यात दोन शेकाट्या लांबलांब गुलाबी पायांनी फिरत होत्या. बांधाला पाणकणीस माजलेलं. पक्षी बघणाऱ्याला आनंद व्हावा असं दृश्य, पण ते उसाचं रान होतं. "गांडूळ दिसून चार वर्सं झाली," आप्पा म्हणाले.

दुकानदाराच्या सांगण्यावरनं त्यांनी दोन वर्षं जिप्सम टाकलं होतं. जिप्सम चोपण जमिनीला, जिथे सोडियम मातीला चिकटून बसतो आणि सामू साडेआठाच्या वर जातो. इथे मीठ विरघळलेलं, सुटं. त्याला जिप्सम देणं म्हणजे खाऱ्या आमटीत आणखी मीठ. हे मी त्यांना तिथं सांगितलं नाही. पैसे गेलेच होते.

गिरमिट अडीच फुटांवर गेलं तशी माती लोण्यासारखी यायला लागली. साडेतीन फुटांवर पाणी. गिरमिट बाहेर काढलं आणि बांधावर बसलो. तासाभरात पाणी भोकात चढत चढत वरून दोन फुटांवर येऊन थांबलं. पाऊस जाऊन पाच महिने झालेले. मग हे पाणी कुठलं? आप्पांनी नुसती मान वरच्या अंगाला वळवली. तिकडे हिरवागार ऊस उभा. "थोरल्याचं हाय."

वाटणीची गोष्ट त्यांनीच सांगितली. नदीवरनं उपसा पाणी येण्याआधीचे दिवस. वरचं रान हलकं, मुरमाड. खालचं खोल काळं, ओल धरणारं. त्यात पावसाच्या ओलीवर असा शाळू यायचा की आत माणूस दिसायचा नाही. "ह्यो तुकडा म्या भांडून मागून घेतला. तात्यानं दिला." पुढे पाणी आलं, शाळू गेला, ऊस आला.

तेवढ्यात हे थोरले तात्याच बांधावर आले. दोघा भावांचं बोलणं बंद, त्यामुळे सगळं माझ्यामार्फत. "म्याडम, म्या काय मीठ पेरलं व्हय ह्याच्या रानात?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या पाटातलं पाणी हातमीटरवर मोजलं, ईसी ०.४. उत्तम पाणी. लिटरला पाव ग्रॅमभर क्षार. मग चिठ्ठीच्या पाठीवर हिशोब मांडला. वीज रात्रीची, त्यामुळे मोटारीला ऑटो, म्हणजे वीज आली की आपोआप मोटार चालू करणारा स्विच, लावून झोपायचं. सरी भरून वाहिली तरी कळायचं सकाळी. अशा मोकाट पाण्याचे वर्षाला दोन हजार मिलिमीटर धरले, कमीच धरले, तर एकरी ऐंशी लाख लिटर. त्यातनं मीठ दोन टन. ऊस पाणी पितो, मीठ बहुतेक मागेच ठेवतो. मुरमातनं झिरपलेलं पाणी उतारानं खाली येतं, आप्पांच्या काळ्या मातीत तटून राहतं, तिथलं मुळातलं मीठही विरघळवून घेतं. मग उन्हानं पाणी वर ओढलं जातं, उडून जातं. मीठ रानात.

"दोन टन म्हंजी चाळीस पोती," तात्या म्हणाले. खताचा हिशोब पोत्यात करायची सवय. "वर्साला?"

"एकराला."

ते खाली वाकले, वरंब्यावरची एक खपली उचलून जिभेला लावली. बराच वेळ थुंकले नाहीत. मग म्हणाले, "खारट न्हाय रं. कडू हाय."

हे मात्र त्यांनी मला नाही, आप्पांना सांगितलं. (सोडियम आणि मॅग्नेशियमच्या सल्फेटाची चव कडवटच असते. मला पुस्तकातनं माहीत होतं, चाखलं कधी नव्हतं.)

उपाय माहितीतला आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप, जाळीचं गाळण गुंडाळून, उतार देऊन, निचरा ओढ्यात. खर्च एकट्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय आप्पांचं रान आणि ओढा यांच्यामध्ये तिसऱ्याचं शेत. तो म्हणाला, तुमचं खारं पाणी माझ्या रानाखालनं कशाला? त्याचंही चूक म्हणता येत नाही. आणि ओढा शेवटी कृष्णेलाच मिळतो, जिथनं खालची गावं पाणी उचलतात. या शेवटच्या गोष्टीचं उत्तर माझ्या मीटरपाशी नाही.

पुढच्या मार्चला आप्पा परत आले. तीच धुतलेली कापडी पिशवी, चिठ्ठीवर अक्षर त्यांचं, पण खातेदाराचं नाव तात्यांचं. 'बांधालगतचा खालचा कोपरा' असं लिहिलेलं.

ईसी २.१ आली.