सिम लॉग: प्रोसिजर टर्नचा बार्ब नीट वाचायला घेतला

सिम्युलेटरवर जीपीएस बंद ठेवून नुसत्या व्हीओआरवर (जमिनीवरचं दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) अ‍ॅप्रोच (धावपट्टीकडे उतरत जायचा आखलेला मार्ग) उडवायचं चालू आहेच, त्यात सध्या मुक्काम प्रोसिजर टर्नवर, म्हणजे आधी दूर जायचं (आउटबाउंड) आणि उलट वळून परत आत यायचं (इनबाउंड). एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) चार्टवर प्लॅन व्ह्यूमध्ये (वरून दिसणारा नकाशा) आउटबाउंड कोर्सला जो अर्ध्या बाणासारखा काटा असतो ना, तो बार्ब, आणि तो फक्त एवढंच सांगतो की वळायचं ते या बाजूला. त्यावर हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) छापलेली असतात, म्हणजे आउटबाउंड ०९० असेल तर ०४५ आणि २२५, पण तसंच उडवायची सक्ती नाही, ८०/२६० करा (८० अंश एकीकडे, मग २६० अंश उलटीकडे), टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा) करा, रेसट्रॅक (लंबगोल) करा, कुठून वळायचं तेही आपणच ठरवायचं. मला हे भारी वाटतं, एवढ्या काटेकोर कागदावर एवढी मोकळीक!

पण टिअरड्रॉप किंवा होल्ड (घिरट्यांचा लंबगोल) जाड रेषेने छापलेला असेल तर तो जसा आहे तसाच उडवायचा. आणि रूटवर ‘नो पीटी’ (प्रोसिजर टर्न नाही) लिहिलं असेल तर टर्न करायचाच नाही, सरळ आत.

मर्यादा खालच्या प्रोफाइल व्ह्यूमध्ये (बाजूने दिसणारी उंचीची आकृती) आहेत. तिथे ‘रिमेन विदिन १० एनएम’ (१० सागरी मैलांच्या आत राहा) असतं, आकडा बहुतेक वेळा १० च. टर्नची उंची पण तिथेच, आकड्याखाली रेघ असली की ती किमान, इनबाउंड कोर्सवर एस्टॅब्लिश (नीट रेषेवर स्थिर) होईपर्यंत त्याच्या खाली उतरायचं नाही.

आता ते १० मैल. २०० नॉट्स (ताशी सागरी मैल) ही वरची स्पीड लिमिट आहे म्हणून तीच धरून गणित मांडलं: वारा नाही, २ मिनिटं आउटबाउंड म्हणजे ६.७ मैल, मग ४५ अंशावर १ मिनिट म्हणजे अजून साधारण २.४ पुढे, वर स्टँडर्ड रेटच्या (सेकंदाला ३ अंश) वळणाचा फुगवटा १.८, झाले की जवळपास अकरा, हद्दीबाहेर! तेच १२० नॉट्सला साडेसहाच्या आसपास, निवांत. म्हणजे स्पीड लिमिटच्या आत असूनही ‘२ मिनिटं जा आणि वळा’ सगळीकडे चालत नाही, आणि मागून वारा असला की अजून कमी वेळ. मी आता ब्रीफिंगमध्येच डीएमईवर (केंद्रापासूनचं अंतर दाखवणारं यंत्र) वळायचा आकडा ठरवून ठेवतो, डीएमई नसेल तर ग्राउंडस्पीडवरून सेकंद काढतो.

आयसीएओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) पद्धतीच्या चार्टवर मात्र ही मोकळीक नाही, तिथे काढलेला टर्नच उडवायचा, ४५/१८० ला (४५ अंश वळून सरळ जायचं, मग १८० अंश उलट) कॅटेगरी ए-बीच्या, म्हणजे कमी वेगाच्या विमानांना १ मिनिट, सी-डीला सव्वा मिनिट. पुढचे सेशन त्यावर, आडव्या वाऱ्यात.