घोरपड म्हणून आलेला पेशंट

‘डॉक्टर, घोरपड आहे, पण घोरपडीसारखी वागत नाहीये.’ कोथरूडच्या एका सोसायटीतून सर्पमित्राचा फोन आला. घोरपड संरक्षित प्राणी, त्यामुळे आधी वनविभागाला कळव म्हणालो आणि फोटो मागवला. फोटोत हिरवंगार अंग, मानेपासून शेपटीकडे गेलेली काट्यांची रांग, कानाखाली एक मोठा गोल खवला आणि गळ्याखाली लोंबती कातडी. घोरपडीला यातलं काहीही नसतं. हा ग्रीन इग्वाना होता, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे कुणाच्या तरी घरातून निसटलेला.

‘शेपटीला हात लावू नकोस, तुटून हातात येईल. टॉवेलात गुंडाळून आण,’ असं सांगितलं. तोवर सोसायटीच्या ग्रुपवर मगरीपर्यंत मजल गेली होती, त्यामुळे मालक आपोआप सापडला. कॉलेजातला मुलगा, सोबत आजी. सर्पमित्र, वॉचमन आणि टॉवेलातला पेशंट असा सगळा लवाजमा दवाखान्यात आला.

‘दुसऱ्या मजल्यावरून पडला हो. बाई खिडकी पुसत होत्या, जाळी उघडी राहिली,’ मुलगा रडवेला होऊन सांगत होता.

‘नाही साहेब,’ वॉचमन म्हणाला. ‘पाइपावरून नीट उतरला. मग स्कूटरच्या सीटवर बसला. मी हाकलला, तर तिथून पडला.’

माझं लक्ष इथे लागलं. इग्वाना झाडावर राहणारा प्राणी. धोका दिसला की तीस-चाळीस फुटांवरून खाली उडी टाकून पळून जातो. स्कूटरच्या सीटवरून पडून त्याची मांडी मोडणार नाही. आणि याची तर मोडली होती, उजवा मागचा पाय लुळा पडलेला. शिवाय बोटं बारीक थरथरत होती. खालचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला, तर वाकला.

एक्स-रेमध्ये निरोगी हाडाची कड पांढरी, ठसठशीत दिसते. याची हाडं आजूबाजूच्या मांसातून वेगळी ओळखू येईनात. मांडीचं हाड आज मोडलेलं होतंच, पण पुढच्या पायात आणि बरगड्यांत जुने, अर्धवट सांधलेले मोडही होते. ते कधी झाले, घरात कुणाला पत्ता नव्हता. सरपटणारे प्राणी दुखलं तरी ओरडत नाहीत, फार तर एका जागी बसून राहतात. आणि मालकाला वाटतं, माणसाळला.

‘पण मी त्याला भरपूर खायला घालतो,’ मुलगा म्हणाला. ‘मांड्या बघा ना कशा भरल्यात.’ मांड्या भरल्या नव्हत्या. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं आणि रिकाम्या जागी तंतूंची गाठाळ भर पडते. पाय जाड दिसतो, आत हाड पोकळ होत जातं.

खाणं म्हणजे काकडी, लेट्यूस, केळं. कॅल्शियमच्या नावाने तिन्ही सारखीच कंगाल. आजी म्हणाल्या, ‘मी सांगत होते, शेवग्याचा पाला घाल म्हणून. हा म्हणतो, तुला काय कळतं.’ आजींना बरोबर कळलं होतं, कारण शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. पण ते आतड्यातून रक्तात यायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि इग्वाना ते मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांवर कातडीत तयार करतो. याचा पिंजरा होता बंद काचेच्या खिडकीपाशी. काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ सगळा अडतो. वर एक साधा पिवळा बल्ब, दुकानदाराने ‘सनलाइट’ म्हणून दिलेला.

मोडक्या पायात रॉड घालायचा तर तो धरून ठेवायला हाड हवं. इथे स्क्रू लोण्यात घातल्यासारखा सुटला असता. वेदनाशामक आणि कॅल्शियमचं इंजेक्शन पुढच्या पायात दिलं, कारण या प्राण्यांत मागच्या अंगाचं रक्त मूत्रपिंडातून जाऊ शकतं आणि औषध शरीरभर पोचण्याआधीच कमी होण्याची भीती असते. मग मऊ पट्टी गुंडाळून मोडका पाय शेपटीलाच बांधला. सरड्यांत शेपटी हीच आयती फळी. पट्टी बांधताना वॉचमन वाकून वाकून बघत होता. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे माझ्यामुळे नाही ना?’ नाही, म्हटलं.

इग्वानासारखा परदेशी प्राणी पाळायचा तर 2024च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती नव्हती. मुलाला समोर बसवून आधी ते समजावलं, बिल नंतर. यूव्हीबी ट्यूबची किंमत ऐकून तो आजीकडे बघायला लागला.

‘ही किती वर्षं चालते?’ आजींनी विचारलं.

‘पेटत राहील वर्षानुवर्षं, पण यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात उतरतो. मग बदलायची, पेटत असली तरी.’

‘त्यापेक्षा गच्चीत ऊन फुकट आहे,’ आजी म्हणाल्या. खरंच आहे. जाळीचा पिंजरा, अर्ध्या भागात सावली आणि माणूस जवळ, एवढं सांभाळलं तर पुण्याच्या उन्हाला तोड नाही. पावसाळ्यात मात्र ट्यूब हवीच, हे मी ठासून सांगितलं.

दोनेक महिन्यांनी पट्टी सुटली. पाय किंचित वाकडा जुळला, जबडा बराच कडक झाला, पण त्याची ठेवण थोडी बिघडलेलीच राहिली. फांद्या पिंजऱ्याच्या तळाशीच लावायच्या, एवढं पथ्य अजूनही चालू आहे. शेवग्याचा पाला आजी स्वतः निवडून आणतात.