स्टिअरिंगची करकर आणि हार्मोनियमचा नमदा

झोपाळ्याच्या कड्या कोरड्या पडल्या की जसा आवाज येतो, अगदी तसा. मार्चमधल्या एका रविवारी पुण्यात लॉ कॉलेज रोडवरून आलो, नळ स्टॉपला कोथरूडकडे वळलो आणि स्टिअरिंगमधून तो पहिल्यांदा ऐकू आला. टप उघडा होता, रस्ता रिकामा होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. चाक फिरवलं की करकर, सोडलं की शांत. सरळ रस्त्यावर काहीच नाही.

गाडी एमजी मिजेट, मार्क टू, १९६५ची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, १०९८ सीसीची, दोन माणसांपुरती. बाबांनी ती १९८४ साली कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली होती. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे, आणि तिच्यात नवा आवाज आला की माझी झोप उडते.

पहिल्या दिवशी मी घाई केली. ग्रीस गन घेतली आणि किंगपिनला, म्हणजे पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिला, ग्रीस भरलं. ते भरायला हवंच होतं, पण करकर तशीच राहिली. मग रॅकच्या, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, निपलला गन लावणार, तेवढ्यात बाबांची वही आठवली. त्यांनी गाडीची प्रत्येक दुरुस्ती एका लांबट वहीत लिहून ठेवली आहे. त्यात लाल शाईत होतं : ‘रॅकला ग्रीस नको. तेल. ई.पी. ९०.’ हे सांगण्यासारखं आहे, कारण हुशार मेकॅनिकही इथे फसतात. रॅकवरचं निपल दिसायला ग्रीसचंच असतं, पण आत गिअर ऑइल जायला हवं. ग्रीस निपलपाशीच गोळा होऊन बसतं, दात कोरडे राहतात, आणि बिघाड वर्षभराने दिसतो.

तेल घातलं, तरी आवाज गेला नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने दोन वेळा चाक फिरवलं आणि रॅक बदलायचा सल्ला दिला, म्हणजे तो परदेशातून मागवायचा. रॅकला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का, हे त्याने पाहिलंच नाही. साठ वर्षांचा मूळ रॅक निव्वळ अंदाजावर काढून टाकायला माझं मन तयार होईना. गाडी घरी आणली.

आवाज हाताला स्टिअरिंगमध्ये जाणवतो, म्हणून तो तिथेच तयार होतो असं नाही. स्टिअरिंगचा कॉलम म्हणजे लांब पोकळ नळी, आत पोलादी दांडा. खाली चाकांपाशी काही घासलं तरी नळी तो आवाज थेट कानापर्यंत आणून सोडते. म्हणून शोध खालून वर घ्यायचा ठरवलं. मदतीला आई होती. वय शहात्तर, पण ती आनंदाने ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

‘आई, अगदी हळू फिरव. या टोकापासून त्या टोकापर्यंत.’

‘तुझे बाबापण असंच बसवायचे मला,’ ती म्हणाली आणि फिरवू लागली.

आधी चाकं जमिनीवर ठेवून : करकर. मग पुढची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, नीट टेकवली, चाकं हवेत : करकर तशीच. किंगपिन कोरडे असते किंवा टायर फरशीवर घासत असते, तर वजन निघाल्यावर आवाज बदलला असता. तो बदलला नाही, म्हणजे भार येणारे भाग निर्दोष ठरले. नंतर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक एकेका भागावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. रॅकवर नुसती मऊ घरघर, तेलातल्या दातांची. कॉलम जिथे पत्र्यातून केबिनमध्ये शिरतो तिथे करकर थोडी मोठी. डॅशबोर्डच्या मागे, वरच्या टोकाला टेकवलं आणि कान झटकन मागे घ्यावा लागला.

पक्की खात्री करायला कॉलम रॅकपासून सोडवायला हवा होता, आणि तिथे पान्यांचा प्रश्न आला. या गाड्यांचे नट-बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लावला तर तो किंचित सैल बसतो, सटकतो, आणि मुंडी गोल होते. खडकीला जुन्या जीप दुरुस्त करणारे एक काका आहेत. जुन्या जीपचे बोल्टही इंचीच, त्यामुळे त्यांच्याकडे पूर्ण सेट होता. ‘साडेतीन सूत आणि चार सूत घेऊन जा,’ ते म्हणाले. ‘आणि खोलण्याआधी खूण कर. स्टिअरिंग आहे बाबा, अंदाजाने बसवायचं नसतं.’ साडेतीन सूत म्हणजे सात सोळांश इंच. ही भाषा ऐकून बरं वाटलं.

चाकं सरळ केली आणि दांडा व पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक) या दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली. मग बॅटरी सोडवली. या काळातल्या मिजेटमध्ये धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून आधी तेच काढायचं. आजच्या गाड्यांच्या सवयीने ऋण टोकाला पाना लावला आणि तो पत्र्याला टेकला तर ठिणगी ठरलेली. खालचा पिंच बोल्ट, म्हणजे दांडा पिनियनला आवळून धरणारा बोल्ट, काढून कॉलम वर ओढला आणि मोकळा फिरवून पाहिला. करकर! रॅक निर्दोष होता. त्या क्षणी मी बाबांना मोठ्याने हाक मारली असती.

स्टिअरिंगचं चाक काढताना एक काळजी घ्यावी. मधला नट पूर्ण काढू नये, दोन आटे ठेवावेत. चाक स्प्लाइनवर, म्हणजे दांड्याच्या दातेरी टोकावर, जाम झालेलं असतं आणि जोर लावल्यावर सुटतं ते थेट तोंडावर येतं.

आत दांड्याला आधार द्यायला दोन्ही टोकांना नमद्याच्या बुश, म्हणजे कड्या, असतात. लोकरीचा दाबलेला नमदा, तेलात भिजवलेला. वरची बुश पत्र्यासारखी कडक झाली होती, हातात घेताच तिचा भुगा झाला. तिच्याखाली दांड्यावर गंजाचा तपकिरी पट्टा. उघड्या गाडीत पावसाचं पाणी शिरतं, तेल संपलेला नमदा ते पाणी धरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात वाळला की कोरडा नमदा गंजावर घासू लागतो. करकर मार्चमध्येच का सुरू झाली, हे तेव्हा कळलं.

गंज बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, दांडा गुळगुळीत होईपर्यंत काढला. नमदा मात्र मिळेना. नाना पेठेत चार दुकानं फिरलो, रबर मिळालं, नायलॉन मिळालं. जुन्या बाजारात खोगिरातला नमदा मिळाला, पण तो फार भुसभुशीत. शेवटी शनिवार पेठेत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं. पट्ट्यांखाली नमदा लागतोच. त्यांनी तीन जाडीचे तुकडे काढून दाखवले, बोटांत दाबून घट्टपणा समजावला आणि म्हणाले, ‘पट्टी खाली आदळली तरी सुराशिवाय दुसरं काही ऐकू येऊ नये, म्हणून हा घालतो.’ पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी आग्रहाने दिले.

पहिल्यांदा जाड तुकडा घातला आणि चुकलो. आवाज गेला, पण चाक जड झालं. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं, ते मध्येच थांबायला लागलं. हा दोष करकरीपेक्षा वाईट, कारण गाडी काय सांगते आहे ते हाताला कळेनासं होतं. पुन्हा सगळं खोललं. पातळ पट्टी कापली, टोकं तिरकी ठेवली म्हणजे जोडावर फट राहत नाही, रात्रभर तेलात भिजवली, पिळली आणि गुंडाळून बसवली. खालची बुशही बदलून टाकली. आता दांडा दोन बोटांनी फिरत होता आणि बाजूला हलवला तर हलत नव्हता.

जोडल्यावर एक बारीक ‘टिक’ उरली होती. ती हॉर्नच्या स्प्रिंगवाल्या काँटॅक्टची निघाली. त्याची कड घासलेली होती, ती साफ केल्यावर गेली.

पिंच बोल्ट पिनियनच्या खाचेत बसला आहे ना, हे टॉर्चच्या उजेडात तीनदा पाहिलं. रेघा जुळल्या. पुढच्या रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटात नेली, आई शेजारी. डोणजे सोडल्यावर ती काहीच बोलली नाही, वळणावळणाला नुसती कान देऊन बसली होती. वर पोचल्यावर म्हणाली, ‘बंद झाला रे.’

वहीत नोंद केली : नमद्याची जाडी, तेल, तारीख, हार्मोनियमवाल्यांचं दुकान कुठे आहे ते. पाचशे किलोमीटर झाल्यावर खडकीच्या काकांचा चार सुताचा पाना परत मागून आणला आणि पिंच बोल्टला लावून पाहिला. हलला नाही.